कोर्टाच्या हद्दीत एक बोझ-उय

खिडकीतून कागद परत आला तेव्हा उमसुनाय आपांना वाटलं, एखादा शिक्का राहिला असेल. कागदांच्या खोडी त्यांना ठाऊक होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी तेरेक-आल्दी गावच्या कचेरीत जन्म, मृत्यू आणि लग्नं नोंदवली होती. हिवाळ्यात शाई गोठायची तेव्हा दौत काखेत धरून नोंदवली होती.

"शिक्का आहे, सह्या आहेत, सगळं आहे आपा," खिडकीमागची राखात म्हणाली. जिल्हा कोर्टाची ही कारकून पन्नाशीची बाई होती, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. "फक्त हा कागद आमचा नाही."

"तुमचा नाही म्हणजे? आमचं गाव तुमच्याच जिल्ह्यात ना?"

राखातने कागद फिरवून शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. आपांच्याच गोल अक्षरात तिथे लिहिलं होतं : बेश-कोयचूच्या कुरणावर, ओसमोनकुल यांच्या बोझ-उयमध्ये बसून हा निवाडा दिला. बोझ-उय म्हणजे लोकरी नमद्यांचा गोल तंबू, कुरणावरचं उन्हाळ्यातलं घर.

"बेश-कोयचू खिंडीच्या पलीकडे. म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यात. पंच जिथे बसले तिथल्या कोर्टाने निवाडा अमलात आणायचा, असा नियम आहे."

"अगं, पण उन्हाळ्यात सगळं गावच तिथे असतं! गावात फक्त कुत्री आणि बटाटे राहतात. पंच कुरणावर, भांडणारे कुरणावर, मग आम्ही बसायचं कुठे? बटाट्यांत?"

"मेंढ्या तुमच्या असतील आपा. जमीन त्यांची आहे."

सोव्हिएत राज्य जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. नव्या सरकारने गावोगावच्या पंचांना, आकसाकालांना, पुन्हा मान दिला होता. तिघांनी बसावं, घरगुती भांडण ऐकावं, निवाडा द्यावा. कुणी तो मानला नाही तर जिल्हा कोर्टाने त्यावर आपला हुकूम चढवून बेलिफ पाठवावा, अशी ती रीत. आकसाकाल म्हणजे पांढरी दाढी. तेरेक-आल्दीच्या लोकांनी तिघांत प्रमुख म्हणून उमसुनाय आपांना निवडलं तेव्हा चहाच्या टपरीवर आठवडाभर खिदळणं चाललं होतं. "आपा, दाढी कधी ठेवताय?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "तुझ्या आजीला मिशा होत्या ना, तिला विचारून सांगते."

हा त्यांचा पहिलाच मोठा निवाडा होता आणि तो जिपारचा होता.

जिपार सव्वीस वर्षांची. नवऱ्याने, मेलिसने, पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा, थंडी सरता सरता, अंगावरच्या कपड्या-कोटानिशी शेजारच्या गावातून भावाच्या घरी चालत आली. मागे राहिलं ते तिचं शिलाई मशीन. तिच्या आईचं, हाताने फिरवायचं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं. लग्नात मुलीबरोबर जे जातं ते मुलीचंच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सासूने, कालिपाने, त्या मशीनवर रजया रचून ठेवल्या आणि जाहीर केलं, "तिला शिवायचं असेल तर तिने इथे येऊन शिवावं."

भावाच्या दोन खोल्यांत चार मुलं होती. भावजय वाईट नव्हती, पण चहाचे वाडगे मांडताना एक वाडगा जरा जोरात ठेवायची. शाळेच्या मुख्याध्यापिकेने सांगितलं होतं, मशीन घेऊन ये, शाळेमागची कोळशाची खोली साफ करून देते. एक सप्टेंबरला शाळा उघडायच्या आत पोरींचे पांढरे एप्रन शिव आणि तिथेच राहा. मशीन नाही तर काम नाही, काम नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर फिरून मेलिसचंच दार. कालिपाला हे सगळं चांगलं समजत होतं. म्हणूनच तर रजया रचल्या होत्या.

जुलैत पंच कुरणावर बसले. आपा, म्हातारे मेंढपाळ ओसमोनकुल आणि निवृत्त मास्तर तेकेबाय. कालिपा तिथेच घोड्या दुहायला आलेली होती. सगळं ऐकून घेतलं आणि मशीन दहा दिवसांत परत करा असं सांगितलं. शेवटी चहा झाला, सगळ्यांनी तळवे पसरले, तोंडावरून फिरवले, ओमिन, म्हणजे तथास्तु, म्हटलं. कालिपानेही म्हटलं. त्यानंतर दहा दिवस गेले, वीस गेले. मशीन रजयांखालीच होतं.

"जाऊन येते पलीकडे," आपा राखातला म्हणाल्या आणि कागदाची घडी स्वेटरच्या आत घातली.

दुधाच्या टँकरमधून पाच तास धक्के खात त्या खिंडीपलीकडच्या जिल्ह्याच्या कोर्टात पोचल्या. तिथल्या खिडकीत एक गडी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. त्याने कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"तुम्ही कोण?"

"तेरेक-आल्दीचे पंच."

"मग इथे काय करताय? आमच्या जिल्ह्यात आमचे पंच बसतात. बाहेरची माणसं आमच्या कुरणावर बसून काही बोलली, तर त्याला आम्ही सहल म्हणतो."

"तिकडचे म्हणतात, जमीन तुमची."

"जमीन आमचीच आहे. पंच आमचे नाहीत. आपा, हा कागद आमचा नाही."

परतताना टँकरवाल्याने विचारलं, झालं का काम? आपा म्हणाल्या, "दोन कोर्टं आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे. चुकलेली फक्त मी."  चुकल्यासारखं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या सरळ न्यायाधीशांच्या खोलीत शिरल्या. झामिर केनेशोविच तरुण माणूस होता, राजधानीत शिकलेला, टाय बांधणारा. त्याने उठून खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"आपा, तुमचा निवाडा मला पटतो. पण मला पटून चालत नाही. तुम्ही माझ्या हद्दीबाहेर बसलात. पुन्हा बसा. दोन्ही बाजू तुमच्यासमोर येऊ देत, नीट ऐका, नव्याने निवाडा द्या, मी त्याच दिवशी हुकूम काढतो."

"कालिपा आणि मेलिस येणार नाहीत. एकदा हरलेले आहेत."

"दोन्ही बाजूंनी तुम्हाला मानलं नाही, तर तुमच्या कागदावर मी सही करू शकत नाही."

"कुठे बसू?"

"कुठेही बसा!" कोपऱ्यात फाइलींचा ढीग होता आणि त्याचा जीव तिकडे लागला होता. "गावात बसा, बाजारात बसा, माझ्या खिडकीखाली बसा. पण माझ्या जिल्ह्यात बसा."

बाहेर बोळात राखातने आपांचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "आपा, एवढा त्रास कशाला? कागद नवा लिहा. कुरण आणि बोझ-उय काढून टाका, 'गावच्या सभागृहात बसून' असं घाला. मी शिक्का मारते. कोण बघायला येतंय?"

आपांना त्रेसष्ट सालची गोष्ट आठवली. जानेवारीत तुर्दूगुलची बायको दवाखान्यात नेताना खिंडीतच, ट्रकच्या मागच्या बाजूला, गवताच्या पेंढ्यांत बाळंत झाली होती. जन्मस्थान काय लिहायचं? वरिष्ठ म्हणाले, दवाखाना लिही, ट्रकमध्ये जन्मलेलं पोर सोव्हिएत राज्याला शोभत नाही. आपांनी लिहिलं : खिंडीत, तिसऱ्या वळणावर, ट्रकमध्ये. त्यावरून त्यांचा त्या वर्षीचा बक्षिसाचा गालिचा गेला. तो गालिचा फार सुंदर होता, लाल काठाचा. पुढे कितीतरी वर्षं तो सभापतीच्या भिंतीवर बघत त्या मीटिंगांना बसल्या.

"राखात, पोरी," त्या म्हणाल्या, "आम्ही जिथे बसलो तिथे बसलो. आज मी जागा खोटी लिहिली, तर उद्या मेलिस विचारेल, मशीन तरी खरं कशावरून? आणि मग माझ्याकडे उत्तर नसेल."

"तुमची मर्जी. मग बसा खिडकीखाली," राखात हसून म्हणाली.

त्याच दुपारी आपा कालिपाच्या दारात उभ्या होत्या. कालिपा वाळत घातलेलं लोकरीचं सूत गुंडाळत होती. दोघी एका वर्गात शिकलेल्या.

"आलीस? ये. मशीन मागायला आली असशील तर उभीच राहा, चहाला आली असशील तर बस."

"कालिपा, कुरणावर तू तळवे पसरलेस की नाही?"

"पसरले. चहा प्यायला होता, म्हणून पसरले. चहानंतर सगळेच पसरतात. त्याचं एवढं काय?"

"पुन्हा बसायचं आहे. गावात. येशील?"

"गावात नाही, कुरणावर नाही, चंद्रावर जाऊन बसलात तरी नाही. उमसुनाय, तुझं काय जातंय गं? सून माझी, भांडण माझं. मी वासरू बांधून ठेवलंय, गाय येईल. चार दिवस भावजयीच्या हातचं खाऊ दे."

"ती गाय नाही."

"मग काय, न्यायाधीशीण आहे? ती तूच झालीस ना म्हातारपणी. दाढी तेवढी राहिली."

आतून मेलिस टॉवेलने मान पुसत बाहेर आला. धिप्पाड, देखणा, दिसायला अगदी बापावर गेलेला. बाप मात्र गुणाचा होता, आपांना तो चांगला आठवत होता. "आपा, मला सांगूच नका. मी दिवसभर बाजारात असतो, कोर्टासमोर, टायरच्या दुकानात. पंचायतीत बसायला रिकामटेकडी माणसं लागतात."

कोर्टासमोर, हे आपांच्या डोक्यात राहिलं.

संध्याकाळी जिपार त्यांच्या अंगणात आली. हाताने शिवलेले दोन एप्रन तिने आणले होते; टाके बारीक, सरळ, पण आठ दिवसांत दोनच. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"आपा, राहू द्या आता. तुम्हाला सगळे हसतायत. मी जाते परत."

"कोण हसतंय?"

"सगळेच."

"मग हसू दे. हसण्याने बरगड्या मोडत नाहीत, तो मोडेल." आपांनी एप्रन उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "ही कड सरळ आली नाहीय. मशीनवर सरळ येईल. गुरुवारी सकाळी सहाला तयार राहा. आणि भावाला सांग, ट्रक लागेल."

गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. आपांनी मेलिसला आणि कालिपाला रीतसर निरोप पाठवला : गुरुवारी सकाळी दहाला जिल्ह्याच्या गावी, कोर्टासमोरच्या मोकळ्या जागेत पंच बसतील. उलट निरोप आला तो मेलिसचा : बसा, आणि उठाल तेव्हा कळवा.

ट्रक कुरणावरून थेट आला. ओसमोनकुलनी आपला बोझ-उय उकलून आणला होता, जाळीच्या भिंती, वाकवलेल्या काठ्या, नमदे, सगळं. कोर्टासमोर लेनिनच्या पुतळ्याचा रिकामा चौथरा होता, त्याच्या शेजारी गवत होतं. आपा, जिपार आणि तेकेबाय मास्तरांची बायको यांनी भिंती उघडून गोल उभ्या केल्या, पट्ट्या आवळल्या. वरचं लाकडी चाक ओसमोनकुलनी काठीवर तोलून उचललं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण हात हलला नाही. तासाभरात घर उभं राहिलं. धूर निघाला, चहा चढला.

एक पोलीस आला. "आपा, हे काय? परवानगी?"

"न्यायाधीश म्हणाले, माझ्या खिडकीखाली बसा. ती बघ त्यांची खिडकी."

पोलिसाने खिडकीकडे पाहिलं, बोझ-उयकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मग काय करावं ते न सुचून तो चहा प्यायला बसला.

पुढे जे झालं ते मात्र आपांच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्याकडे गावात रस्त्यावर बोझ-उय उभा राहतो तो एकाच कारणासाठी. घरात कुणी गेलं की दारासमोर तो उभा करायचा आणि मयताला त्यात ठेवायचं. बाजारातल्या लोकांनी कोर्टासमोर बोझ-उय पाहिला, दाराशी पांढऱ्या टोपीतले दोन म्हातारे पाहिले, आणि एकच अर्थ लावला. न्यायाधीश गेले.

"एवढा तरुण!"

"टाय बांधायचा बिचारा. हृदयाचं असेल."

मयताला जायचं टाळणं म्हणजे सात गावांत तोंड काळं. कांदेवाल्याने कांद्यांवर पोतं टाकलं. खाटकाने हात धुतले. पुरुष मंडळी रीतीप्रमाणे लांबूनच रडत निघाली, कमरेत वाकून, टोप्या डोळ्यांवर ओढून, "अरे माझ्या भावा! माझ्या पाठीच्या कण्या!" आणि त्यांच्यात मेलिस होता. कोर्टासमोर दुकान असणाऱ्याला न्यायाधीशाच्या मयताला मागे राहून कसं चालेल? खरं तर तो पुढेच होता. सगळ्यांत मोठ्याने तोच रडत होता.

वाकून, रडत, डोळे झाकून तो बोझ-उयच्या दारातून आत शिरला.

"माझा आधार गेला! आता मी कुणाच्या तोंडाकडे—"

त्याने टोपी वर केली. समोर आपा. त्यांच्या दोन बाजूंना ओसमोनकुल आणि तेकेबाय. भिंतीशी जिपार, तोंडावर हात धरून.

"कुणी मेलं नाही रे मेलिस," आपा म्हणाल्या. "ये, बस. तुझीच वाट बघत होतो."

मागची माणसं दारात गोळा झाली. कुणीतरी आधी फिसकन हसलं, मग सगळ्या बाजाराला हसू लोटलं. तेवढ्यात कोर्टाच्या पायऱ्यांवरून खुद्द न्यायाधीश काय गडबड म्हणून खाली आले, आणि कांदेवाला त्यांचा हात धरून म्हणाला, "लांब आयुष्य आहे तुम्हाला, झामिर केनेशोविच! आत्ताच रडून घेतलं आम्ही."

मेलिस लालबुंद झाला. "मी जातो."

"जा की," ओसमोनकुल म्हणाले. "पण नानचा तुकडा मोडून जा. माझ्या घरातून कुणी तसाच गेलेला नाही, आणि तुझ्या बापाने इथे अर्धं आयुष्य काढलंय."

भाकरी न चाखता घराबाहेर पडणं मेलिसलाही जमणारं नव्हतं. आईने तेवढं वळण लावलं होतं. तो टेकला. तुकडा मोडला. मास्तरांच्या बायकोने किमीझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे केला. दारात अख्खा बाजार.

"मी ही पंचायत मानत नाही," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"लिही मास्तर," आपा म्हणाल्या. "मानत नाही असं म्हणाले."

"लिहा, लिहा. आणि हेही लिहा की मशीन मी कधी चोरलेलं नाही."

"चोरलं असं कोण म्हणालं?"

"बघा ना कसे बघतायत हे सगळे!" तो दाराकडे वळला. "मशीन बंद पडलेलं होतं. मी दुरुस्त केलं. पट्टा मी आणला, तेल मी घातलं!"

"हाताने फिरवायच्या मशीनला पट्टा कुठला, बायके?" जिपार पहिल्यांदाच बोलली. नवऱ्याला ती बायके म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं. 

"तेल तरी घातलंच ना? विचारा खाटकाला, तो होता तेव्हा. ये रे आत, सांग!"

खाटीक आत आला, नान चाखला आणि म्हणाला, "तेल घातलं होतं. दाराच्या बिजागरीला. मशीन मी नाही पाहिलं." पुन्हा हशा पिकला. मेलिस आता बोलायचं थांबायला तयार नव्हता. त्याच्या घरी तिला काय कमी होतं, आईने तिला मुलीसारखी वागवली, ती उलट बोलायची, चुलीजवळ गाणी म्हणायची, एकदा पाहुण्यांसमोर त्याच्याआधी हसली. आपांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मास्तर लिहीत राहिले, पानं उलटत राहिले. दारात न्यायाधीश उभे होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "मला आत येता येत नाही आपा, मी न्यायाधीश आहे." आपा म्हणाल्या, "नका येऊ. जमीन कुणाची आहे तेवढं बघून ठेवा."

"आणि हात उचललास का?" आपांनी शेवटी एकच विचारलं.

मेलिसने वाडगा खाली ठेवला. "ते घरातलं आहे."

"बरं. लिही मास्तर, घरातलं आहे असं म्हणाले."

"आणि तिच्याकडे माझ्या आईचा कोट आहे, तो कुठे गेला?" तो उसळून म्हणाला. "लग्नात आईने दिलेला. मेंढीच्या कातड्याचा, कॉलरला कोल्ह्याचं कातडं. मशीन परत द्यायचं तर कोटही परत आला पाहिजे! लिहा, कोट मिळालाच पाहिजे! पंच आहात ना? मग द्या न्याय!"

दाराबाहेर राखात होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ती न्यायाधीशांकडे बघायला लागली. न्यायाधीश जमिनीकडे बघत होते, पण ओठ दाबून धरलेले होते.

तिघा पंचांनी एकमेकांच्या कानाशी डोकी नेली. ओसमोनकुलना एका कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते बाजारभर ऐकू गेलं.

"निवाडा ऐका," आपा म्हणाल्या. "जिपारचं शिलाई मशीन, सगळ्या भागांसकट, सात दिवसांत जिपारला परत. कालिपाने दिलेला कोट, कॉलरसकट, त्याच दिवशी कालिपाला परत. मेलिस बायके कोटाबद्दल बोलले ते बरोबर आहे. कोट आईचा आहे." मग त्यांनी मास्तरांच्या हातातला कागद घेतला आणि शेवटची ओळ स्वतः लिहिली, मोठ्याने वाचत : "जिल्ह्याच्या गावी, कोर्टासमोर, रिकाम्या चौथऱ्याच्या डाव्या बाजूला, ओसमोनकुल यांच्या बोझ-उयमध्ये बसून दिला."

मेलिस उभा राहिला. "मी मानत नाही! आल्या आल्या सांगितलं होतं! झामिर केनेशोविच, तुम्ही ऐकलंत, लिहून घेतलंय त्यांनी!"

"ऐकलं," न्यायाधीश म्हणाले. "पुढचंही ऐकलं. तुम्हाला कुणी ओढून आणलं?"

"मी मयताला आलो होतो!"

"जायला कुणी अडवलं?"

"नान..."

"नान खाऊन झाल्यावर? दीड तास तुम्ही बोललात. साक्षीदार तुम्ही बोलावलात. आणि शेवटी या पंचांकडे कोट मागितलात, आणि त्यांनी तो दिला. ज्यांच्याकडे कोट मागितला ते पंचच नव्हेत, असं आता कसं म्हणणार, मेलिस बायके? कोट घेणार आणि पंच नाकारणार, असं दोन्ही नाही होत." त्यांनी हात पुढे केला. "द्या आपा. हा कागद आमचा आहे."

हुकूम त्याच दिवशी निघाला. सात दिवस मशीन आलं नाही, अपेक्षा कुणाला नव्हतीच. आठव्या दिवशी बेलिफ, आपा आणि जिपार भावाच्या ट्रकमधून कालिपाच्या दारात उतरले. बेलिफने हुकूम वाचायला सुरुवात केली तर कालिपाने त्याला हाताने थांबवलं. "वाचू नको. अख्ख्या खोऱ्याला पाठ आहे तो." रजया तिने आधीच बाजूला केल्या होत्या. मशीन तिने स्वतः उचलून उंबऱ्यावर आणून ठेवलं.

जिपारने त्याच्यावरून हात फिरवला आणि थांबली. "हँडल?"

"कसलं हँडल?"

"फिरवायचं."

"कालिपा," आपा म्हणाल्या, "हुकुमात 'सगळ्या भागांसकट' असं आहे. बेलिफला वाचायला लावू का?"

कालिपाने एप्रनच्या खिशातून हँडल काढलं आणि जिपारच्या हातात दिलं. मग तिला राहवलं नाही. "खूश झालीस ना उमसुनाय? आता उठसूट कुणीही सून कोर्टासमोर बोझ-उय टाकून बसेल."

"बसू दे. जागा पुष्कळ आहे."

"आमच्या वेळी असं होतं का गं? आपण सोसलंच ना?"

 वर्गात त्या दोघी एका बाकावर बसत. कालिपाच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याखाली काय असायचं ते त्यांना आठवत होतं, आणि आपण विहिरीवर काही विचारलं नव्हतं हेही.

"सोसलं," त्या म्हणाल्या. "आणि मी विचारलं नाही. आता विचारते आहे, तर तुला राग येतोय."

कालिपाने तोंड फिरवलं. जिपारने ट्रकमधून कोट आणला. घासून, घडी घालून, कॉलर वर ठेवलेली. कालिपा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"ठेव," ती म्हणाली. "कोळशाच्या खोलीत राहणार आहेस ना. हिवाळ्यात लागेल."

"नको, एने," जिपार म्हणाली. सासूला ती अजून एनेच, आईच, म्हणत होती. "निवाड्यात लिहिलंय."

आणि कालिपा हात पुढे करेना, तेव्हा तिने तो कोट कुंपणाच्या काठीवर नीट टाकला, बाह्या सरळ केल्या, आणि मशीन मांडीवर घेऊन ट्रकमध्ये पुढे, आपांच्या शेजारी, बसली.